कासिमिराचे पाय

ज्या लोकांनी बटाट्याचं पुनरुत्थान घडवून आणलं, त्यांना त्या विषयावर कोणा पाद्र्याने चार शब्द शिकवायला जाऊ नये, हे आनाक्लेतो लिमाची गेली वीसेक वर्षं सांगत आला होता. विद्यापीठात सांगितलं, परिसंवादांत सांगितलं, मंत्र्याच्या शेजारी बसून सांगितलं. दर रविवारी सकाळी रेडिओवर तर सांगायचाच. एकदा दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात नळी असतानाही त्याने सांगायचा प्रयत्न केला होता. बटाटा हिवात गोठतो, पायांखाली तुडवला जातो, उन्हात वाळतो, काळा खडा होऊन वर्षानुवर्षं अंधारात पडून राहतो, आणि मग एखाद्या सकाळी पाण्यात भिजून पुन्हा उठतो, तो चुन्यो. इथे थांबायचं, श्रोत्यांकडे बघायचं आणि हळूच म्हणायचं, 'तिसऱ्याच दिवशी उठायची घाईसुद्धा त्याला नसते.' या वाक्याला हमखास टाळ्या पडत. निवृत्तीनंतर विद्यापीठ सुटलं, वाक्य सुटलं नाही. त्या दुपारी ला पाझमधल्या आपल्या घरात, समोर एकटी बायको असताना, पुढच्या व्याख्यानाची तालीम म्हणून तो हेच म्हणत होता. 'पुन्हा उठतो' यावर त्याने सूपाचा चमचा उंच धरला, आणि चमच्यात भात होता.

"हे काय आहे?"

"भात," मिर्ता म्हणाली.

"चुन्योच्या सूपात भात?"

"मग कुठे घालू, खिशात? चुन्यो संपला. बरणी धुऊन पालथी घातलीय ओट्यावर. विश्वास नसेल तर बघून ये."

विश्वास होता, तरी तो बघून आला. बरणी खरंच पालथी होती. तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते आणि ते एकमेकांत मिसळत खाली घसरत होते. लग्न झाल्यापासून ही बरणी त्याने रिकामी पाहिली नव्हती. अर्धी पाहिली होती, तळाला गेलेली पाहिली होती, पण तळ गाठायच्या आत ऑगस्टचा महिना यायचा आणि त्याच्या गावाहून, चियारपाम्पाहून, निघालेला ट्रक खाली कोपऱ्यावर येऊन भोंगा वाजवायचा. तो भोंगा ऐकला की आनाक्लेतो व्याख्यान अर्धवट टाकून जिने उतरायचा. ट्रकमध्ये पोतं असायचं. लामाच्या लोकरीचं, तपकिरी, पांढऱ्या पट्ट्यांचं. आईने विणलेलं. त्यातला एक पट्टा मध्येच वाकडा गेला होता, कारण तो विणत असताना तिला कळा सुरू झाल्या आणि आनाक्लेतो जन्माला आला. पुढे तिने काम हातात घेतलं तेव्हा पट्टा कुठे चालला होता हे तिला आठवेना. ईस्टरला हे पोतं शहरातून वर जायचं, त्यात पाव, संत्री, कोकाची पानं, साखर. ऑगस्टात ते चुन्यो भरून खाली यायचं. आई गेल्यावर हा क्रम थोरल्या बहिणीने, कासिमिराने, तसाच चालू ठेवला. पोतं रिकामं कधी कोणी धाडलं नाही, आणि रिकामं धाडू नये असं कधी कोणी बोलूनही दाखवलं नाही.

आणि ते पोतं आता दिवाणखान्याच्या भिंतीवर होतं. काचेच्या मागे, चांगल्या लाकडी चौकटीत, खाली पितळेची पट्टी: 'धान्याचं पोतं, हातविणीचं, विसावं शतक.' दोन वर्षांपूर्वी चुन्यो काढून घेतल्यावर ते खुर्चीच्या पाठीवर पडलं होतं, त्यावर संध्याकाळचं ऊन आलं आणि आनाक्लेतोला एकदम दिसलं की ही कलाकृती आहे. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू कलाकृती आहे असं कळलं की माणसाला स्वतःबद्दलही बरं वाटतं. पाहुणे यायचे, काचेजवळ नाक न्यायचे, 'वा' म्हणायचे. पुढच्या ईस्टरला त्याने पाव आणि संत्री पिठाच्या प्लास्टिकच्या गोणीतून पाठवली. ऑगस्टात ट्रक आला, दुसऱ्या कोणाकोणासाठी भोंगा वाजवला आणि गेला. तेव्हापासून तो स्वतःला कारणं सांगत होता. हिव उशिरा पडलं असेल. बटाट्यावर कीड पडली असेल. ड्रायव्हर नवा असेल. कासिमिराला माहीत असणार की बरणीत अजून आहे. ही सगळी कारणं त्याने इतक्यांदा आणि इतक्या नीट मांडली होती की त्यांचं एक छोटं पुस्तक झालं असतं. फक्त एकच कारण त्याने एकदाही मनात पूर्ण उच्चारलं नव्हतं. पालथ्या बरणीसमोर उभं राहिल्यावर ते आपोआप पूर्ण झालं: पोतं त्याने परत केलं नाही, म्हणून बहिणीने त्याला तोडलं.

"फोन कर," मिर्ता आतून म्हणाली. ती शहरातली होती; तिच्या घरी नाती फोनवर तुटायची आणि फोनवरच जुळायची.

"उचलत नाही ती."

"मग जा."

"असं कसं जायचं?"

"केबलकारने."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो केबलकारच्या डब्यात बसला. चौकट भिंतीवरून काढायची का, या प्रश्नात त्याचा बराच वेळ गेला होता. काढून न्यायची तर काचेसकट न्यायची की काच फोडून. काच फोडून नेलं तर मिर्ता विचारणार की मग बसवली कशाला. आणि काचेसकट नेलं तर चियारपाम्पात उतरल्यावर लोक विचारणार की हे काय, कोणा मयताची तसबीर आणलीस का. शेवटी त्याने काहीच नेलं नाही. पाव घेतले, संत्री घेतली, कोकाची पानं घेतली, पुन्हा प्लास्टिकच्याच पिशवीत. डबा घरांच्या छपरांवरून वर चढू लागला तशी ही पिशवी मांडीवर जड जड होत गेली. समोर एक बाई बसली होती, घेरदार परकराची, मांडीवर रंगीत कापडाचं गाठोडं. गाठोड्यातून उकडलेल्या बटाट्यांचा आणि शेंगांचा वास येत होता, आणि त्याच्या खालून आणखी एक वास, ओलसर, थंड, तळघरासारखा. पासा. आनाक्लेतोच्या जिभेला तो आधी ओळखू आला आणि मग नाकाला. पांढरी माती पाण्यात कालवून, मीठ घालून केलेली पातळ चटणी. कडू बटाटा तिच्यात बुडवून खाल्ला की कडवटपणा जातो आणि टाळ्याला एक मऊ पापुद्रा चिकटून राहतो. लहानपणी तो पापुद्रा जिभेने सोडवत सोडवत शाळेत जायचा, आणि शाळा लांब असल्यामुळे पापुद्रा पुरायचा. यावर त्याने एक प्रकरण लिहिलं होतं. प्रकरण लिहिताना त्याने पासा कितव्या वर्षी शेवटची खाल्ली हे आठवायचा प्रयत्न केला होता आणि ते न आठवल्यामुळे तळटीप घातली नव्हती.

बाई त्याच्याकडे बघत होती.

"तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय," ती म्हणाली. त्याने फक्त 'जरा सरकता का' एवढंच म्हटलं होतं. "रेडिओवरचे का तुम्ही? बटाटेवाले?"

"अन्नसंस्कृतीवाले."

"तेच. माझी सासू ऐकते दर रविवारी. तुमचा आवाज लागला की तिला बरोबर झोप लागते. औषधाच्या गोळ्या सुटल्या तिच्या." तिने हे कौतुकानेच सांगितलं. मग पुढे झुकून, जवळच्या माणसाची चौकशी करावी तशी, "तुमच्या बहिणीचे पाय कसे आहेत?"

आनाक्लेतोने मांडीवरची पिशवी सावरली. डबा खांबावरून गेला म्हणूनही सावरली असेल. पण शहरात बहिणीच्या पायांना एवढी ओळख आहे याचा त्याला असा समोरासमोर अंदाज कधी आला नव्हता. रेडिओवर तो सांगायचा की माझ्या बहिणीच्या तळव्यांचं मीठ माझ्या सूपात आहे. मिर्ता म्हणायची की हे वाक्य जेवणाच्या वेळेला नको. पण वाक्य गाजलं होतं. तो सांगायचा की कासिमिरा लिमाची पहाटे अनवाणी माळावर उतरते, गोठलेल्या बटाट्यांच्या ढिगावर उभी राहते, आणि तिच्या टाचांखाली चार हजार वर्षं पिळून निघतात. चार हजारांचा आकडा त्याने एका परिसंवादात ऐकला होता आणि तो त्याला तिथल्या तिथे पटला होता.

"बरे आहेत," तो म्हणाला.

"जपा म्हणावं. असे पाय आता कोणाचे राहिलेत."

एल आल्तोला उतरून मिनिबस. दारात लोंबकळणारा माणूस गावांची नावं एका दमात ओरडत होता, त्यात चियारपाम्पा शेवटी आणि अर्धंच यायचं, ते ज्याला कळायचं तोच तिथला. आनाक्लेतो खिडकीजवळ बसला. विटांची अर्धवट घरं संपली, पिवळं गवत सुरू झालं, आणि ऊन असूनही काच इतकी गार होती की कपाळ टेकवल्यावर दुखत होतं. कपाळ दुखण्यातून त्याला पाय आठवले, स्वतःचे. तो लहान होता, इतका लहान की ढिगावर त्याला मोठी माणसं हात धरून उभं करायची. रात्रभर बाहेर पसरलेले बटाटे पहाटे दगडासारखे वाजायचे. ऊन वर आलं की त्यांच्यात काहीतरी सैल पडायचं, आणि तेवढ्याच वेळात, फार लवकर नाही आणि फार उशिरा नाही, त्यांच्यावर चढायचं. पहिल्या पावलाला पाय जळल्यासारखा व्हायचा. मग बोटांच्या बेचक्यांतून पाणी यायचं, करडं, फेसाळ, गंजक्या खिळ्यासारख्या वासाचं. साली सुटून घोट्याला चिकटायच्या. आणि मग पाय कुठे संपतो आणि बटाटा कुठे सुरू होतो हे कळेनासं व्हायचं. तो रडायला लागला की कासिमिरा ढिगावरून उतरायची. तीही लहानच होती. ती मांडी घालून बसायची, त्याचे दोन्ही पाय ओढून आपल्या लोकरीच्या पोलक्याखाली, थेट उघड्या पोटावर घ्यायची आणि श्वास आत ओढायची. तो आवाज, दातांमधून आत जाणारा, त्याला अजून ऐकू येत होता. ती कधी 'थंड आहेत' असं म्हणाली नाही. तो मात्र विचारायचा, 'थंड आहेत का?' आणि ती म्हणायची, 'गप बस, अंडी उबवतेय.'

हे त्याने कधी रेडिओवर सांगितलं नव्हतं. का नाही, हे त्याला मिनिबसमध्ये कळेना. वास्तविक टाळ्या पडल्या असत्या.

आणि मग शहरातलं वसतिगृह आठवलं. मुलं त्याच्या डब्यात डोकावून विचारायची की या शेळीच्या लेंड्या आहेत का. आणि तो संडासाच्या मागच्या पायरीवर बसून, दाराकडे पाठ करून, चुन्यो पटापट तोंडात टाकायचा, चव लागायच्या आत गिळायचा. पुढे वाऱ्याची दिशा बदलली. पांढऱ्या टेबलक्लॉथांच्या हॉटेलांत काळा चुन्यो पांढऱ्या बशीत, एकेकटा, वर हिरवं पान ठेवून यायला लागला, आणि तोच आनाक्लेतो व्यासपीठावर चढून, लोकांकडे तोंड करून, त्याच चुन्योवर तासभर बोलू लागला. आधी लपून खाल्ला, मग दाखवून खाल्ला. नुसता खाल्ला कधी? असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, आणि प्रश्न चांगला आहे, पुढच्या व्याख्यानात घालता येईल, हे लगेच मनात आलं, आणि तसं मनात आल्याबद्दल त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

तो बहिणीला काय सांगणार होता? वाक्यं बनत होती आणि मोडत होती, प्रत्येकाच्या सुरुवातीला 'कुल्याका', म्हणजे ताई. कुल्याका, पोतं मी जपून ठेवलंय. 'जपून' हे खोटं नव्हतं. कुल्याका, आईची आठवण आहे ती. पण आई काय तिची नव्हती? कुल्याका, तोडू नकोस. एवढं म्हटलं तर पुढे काही म्हणायची गरजच नव्हती, पण एवढं म्हणायला साठीच्या माणसाचं तोंड वळत नाही. तिने तोडलं तर काय जाणार होतं? चुन्यो तर बाजारात मिळतो. जमीन त्याने केव्हाच कसायला दिली होती. आईवडील मातीत होते. चियारपाम्पात त्याला 'तू' म्हणणारं, नुसतं 'क्लेतो' म्हणणारं एक माणूस उरलं होतं; ते गेलं की तो तिथला कोणी नाही, आणि शहरात तो जो कोणी होता तो तिथला होता म्हणूनच होता. म्हणजे दोन्हीकडून तो एकाच बाईच्या हातात होता. हा हिशेब लागला तसं त्याला मिनिबसमध्ये गुदमरायला झालं. त्याने खिडकी उघडली. मागच्या बाईने ती हात लांब करून बंद केली.

चियारपाम्पाच्या फाट्यावर उतरला तेव्हा ऊन बेताचं वर आलं होतं आणि माळावर तुडवण चालू होती. लांबून ती नाचासारखी दिसते, वाजंत्री पुढच्या गावाला गेल्यावरही थांबायचं विसरलेल्या नाचासारखी. पाचसहा बाप्ये आपापल्या ढिगांवर हात कमरेवर ठेवून वळत होते. बायका ओढ्यापलीकडे नवे बटाटे पसरत होत्या. आणि अलीकडच्या ढिगाजवळ, घडी घातलेल्या घोंगडीवर, गोल टोपी कपाळावर ओढून, कासिमिरा बसली होती. ती तुडवलेल्या बटाट्यांच्या साली काढत होती. तिने मान वर केली. त्याला पाहिलं. आणि उठली नाही.

आनाक्लेतो चालत राहिला, पण चालणं आता अवघड झालं होतं. त्यांच्या घरात आल्या माणसासाठी उठायचे. आई मिठाच्या व्यापाऱ्यासाठी उठायची, टोचायला आलेल्या नर्ससाठी उठायची, एकदा चुकून घरात शिरलेल्या वासराला बघूनसुद्धा अर्धी उठली होती. कासिमिरा तर त्याच्यासाठी दर वेळी फाट्यापर्यंत चालत यायची, वाटेत दोन्ही हात पुढे करायची. आज ती बसून होती. साल काढलेला बटाटा तिने बाजूला टाकला, दुसरा घेतला. म्हणजे झालं. त्याला वाटलं होतं की काहीतरी बोलणं होईल, आरोप होतील, त्यांना उत्तरं देता येतील. हे नुसतं बसून राहणं होतं. त्याला खंडन नव्हतं.

"आलास?" ती म्हणाली.

"आलो, कुल्याका."

"बटाट्यांवर चाललायस."

त्याने खाली पाहिलं. खरंच त्याचा शहरी बूट तिबुर्सियोच्या ढिगाच्या कडेवर होता. तिबुर्सियो हा शेजारच्या शेतातला म्हातारा, कासिमिराहूनही वयाने मोठा; तो ढिगावर वळता वळता थांबला.

"प्रोफे, बूट घालून तुडवलेला चुन्यो हल्ली शहरात चालतो वाटतं?"

"चुकून पाय पडला, डॉन तिबुर्सियो."

"पडलाय तर काढू नका. बूट काढा."

बोलण्यापेक्षा हे सोपं होतं. आनाक्लेतोने बूट काढले, मोजे काढले, मोजे नीट घडी करून बुटात घातले, आणि ढिगावर चढला. पहिल्या पावलाला पाय जळला. हे तो शेकडो लोकांना सांगून चुकला होता, आणि तरी ते खरं निघालं याचं त्याला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या पावलाला बटाटा फुटला, पाणी बोटांतून वर आलं, आणि त्याबरोबर गंजक्या खिळ्यांचा तो वास. क्षणभर कुठलंही वाक्य सुचलं नाही. मग तो घसरला आणि तिबुर्सियोच्या खांद्याला लोंबकळला.

"टाच, टाच," तिबुर्सियो म्हणाला. "टाचेने फिरा. तुम्ही त्यांना समजावून सांगताय, प्रोफे. तुडवायचं असतं."

पलीकडचे बाप्ये हसले. कासिमिरा हसली नाही; ती त्याच्या पायांकडे बघत होती, टक लावून, भूक लागलेलं माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं तसं. ती नजर त्याला शिक्षेसारखी वाटली. त्याने ढिगावरून, टाचेने फिरत, धाप लागलेल्या आवाजात, तिच्याकडे न बघता सांगून टाकलं.

"पोतं भिंतीवर आहे."

"कुठल्या भिंतीवर?"

"घरात. दिवाणखान्यात. काचेत बसवलंय."

"काचेत?"

"चौकट करून. आईचं काम म्हणून."

कासिमिराने एक साल ओढून काढली. "मग उंदीर तरी लागायचे नाहीत," ती म्हणाली.

तो थांबला. "तू त्यावरून नाही रागावलीस?"

"कशावरून?"

"पोतं आलं नाही म्हणून. म्हणून तू मागच्या ऑगस्टात पाठवलं नाहीस. मला वाटलं तू..." तोडलंस, हा शब्द आला नाही. "मला वाटलं, ते संपलं."

"पोतं आलं नाही तेव्हा मी सुटले म्हटलं," कासिमिरा म्हणाली. "आता ह्याला भरून काय द्यायचं, ही काळजी गेली. आणखी एक वर्ष आलं असतं तर मला खोटं बोलायला त्राण नव्हतं."

तिबुर्सियो एकाएकी ढिगाच्या दुसऱ्या टोकाला काही काम असल्यासारखा गेला.

"खोटं कसलं?"

"मी पाच वर्षं तुडवलेलं नाही, क्लेतो. गुडघे गेले. तालुक्याच्या गुरुवारच्या बाजारातून आणायचे आणि पोत्यात भरायचे. तुझ्याकडे आलेला चुन्यो तो."

आनाक्लेतो ढिगावर उभा होता आणि त्याचे पाय बधिर होत चालले होते. त्याला आधी आठवलं ते शेवटचं पोतं. ते आलं तेव्हा त्याने चार मित्रांना जेवायला बोलावलं होतं. बाजारातला एक चुन्यो मुद्दाम वेगळा शिजवला होता, दोन्ही त्यांना शेजारी शेजारी खायला लावले होते, डोळे मिटून. आणि चौघांनीही डोळे मिटून सांगितलं होतं की हो, फरक आहे, हा चियारपाम्पाचा, यात काहीतरी आहे. ते काहीतरी काय, हे त्यानेच त्यांना समजावलं होतं. त्याने स्वतःही चाखलं होतं, आणि त्यालाही ते लागलं होतं, शपथेवर, जिभेच्या मागच्या बाजूला, थोडं खारट. आता त्या खारटपणाचं काय करायचं?

"कोणाचे पाय होते मग ते?" त्याने विचारलं. प्रश्न मूर्खपणाचा आहे हे तोंडातून बाहेर पडताना कळलं.

"मला काय ठाऊक. बाजारात पायांचं नाव लिहून येत नाही."

"मला सांगायचं नाहीस?"

"कसं सांगणार? तू तिकडे रविवारच्या रविवारी माझ्या पायांवर भाषणं देतोस. इथे तिबुर्सियोच्या घरी रेडिओ लावतात, सगळे माझ्याकडे बघतात, मी पाय परकराखाली ओढून घेते. आणि मग मी तुला फोन करून सांगू, पाय गेले म्हणून?" ती हे रागाने म्हणाली नाही, दूध नासलं हे सांगावं तसं म्हणाली. "तुझा फोन आला की वाटायचं, आता हा विचारणार, कुल्याका, यंदा हिव कसं होतं, तुडवण कशी झाली. मग मी वाजू द्यायची."

म्हणजे सबंध वर्ष दोन घरांत दोन माणसं एकमेकांना भीत बसली होती. तो तिथे पोत्याला भीत होता, ही इथे त्याच्या वाक्यांना. आनाक्लेतोला हसू यायला हवं होतं, आलं नाही. बरं वाटायला हवं होतं, तेही पूर्ण वाटेना. तोडलं नव्हतं, पण मग इतकी वर्षं तो ज्याला धरून होता ते काय होतं? तिच्या पायांचं मीठ त्याच्या सूपात नव्हतं. तिच्या पोटावर त्याचे पाय होते, एवढंच काय ते खरं होतं, आणि ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला ती नजर पुन्हा आठवली, पायांकडे लागलेली. ती शिक्षा नव्हती. तिला ढिगावर चढायचं होतं.

आणि असं काही लक्षात आलं की आनाक्लेतोला बोलल्याशिवाय राहवत नसे. हा त्याचा स्वभाव होता आणि काही अंशी व्यवसायही. तो ढिगावरून उतरला. चिखलाच्या, सालींनी भरलेल्या पायांनी तिच्यासमोर उभा राहिला. पायांना आता काही जाणवत नव्हतं, त्यामुळे बोलणं सोपं गेलं.

"ऐक, कुल्याका. मी ठरवलंय. दर वर्षी जूनमध्ये मी येणार. हिव पडलं की येणार. तुझ्या वाटणीचं मी तुडवणार. तुझे पाय थकले म्हणून काय झालं? पाय काय एका माणसाचे असतात? आईचे पाय तुझ्यात आले, तुझे आता माझ्यात येतील, आणि हा माळ जोपर्यंत गोठतोय तोपर्यंत कोणी ना कोणी लिमाची या ढिगावर..."

वाक्य चांगलं जमून येत होतं. त्याला त्याचा शेवट लांबून दिसत होता, आणि तो शेवट खरा असावा अशी त्याची मनापासून इच्छा होती. पलीकडचे बाप्ये थांबले होते. तिबुर्सियोने टोपी काढून हातात घेतली होती, पण ती डोकं खाजवायला. कासिमिरा शांतपणे ऐकत होती, रेडिओ ऐकावा तशी, त्याच्या थोडंसं बाजूला बघत.

"झालं?" तिने विचारलं.

"थोडं राहिलंय."

"ते येताना बोल. आधी मला उठव." तिने दोन्ही हात वर केले, लहान मूल करतं तसे. "सकाळी तिबुर्सियोने हातगाडीवरून आणून बसवलं तेव्हापासून मला लघवीला जायचंय. बायका सगळ्या ओढ्यापलीकडे. ह्या बाप्यांना काय सांगू?"

आनाक्लेतोने वाकून तिच्या काखांत हात घातले. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा जड होती, आणि उठताना दातांमधून श्वास आत ओढत होती. ती त्याच्या छातीवर टेकली, टोपी त्याच्या हनुवटीला लागली. दगडांचा एक आडोसा वीसेक पावलांवर होता. दोघं त्या दिशेने वळली, एक गुडघ्यांनी अधू, एक पायांनी बधिर.

"आणि तिबुर्सियोला सांग," ती म्हणाली, "जरा तिकडे तोंड कर म्हणावं."